मुराळी रेक्टरबाई

आमच्या होस्टेलच्या रेक्टरबाई कोणत्याही मुलीला तिच्या नावानं हाक मारत नसत. मुलगी ज्या गावची, ते गाव म्हणजे तिचं नाव. सकाळी आंघोळीच्या रांगेशी त्या येऊन उभ्या राहिल्या की एसटी स्टँडवर गाड्या लागल्यासारखं वाटायचं. "काटोल, निघ बाहेर! अर्धी टाकी रिकामी केली तू. रामटेक, आता तुहा नंबर. अन् सावनेर, उभ्याउभ्या झोपून राहिली का वं?" एकाच गावच्या दोघी असल्या तर मोठी उमरेड आणि लहान उमरेड. मी कुहीची. कॉलेजच्या हजेरीपटावर माझं नाव होतं, पण होस्टेलमध्ये चार वर्षं मी कुहीच होते.

पहिल्यांदा ट्रंक घेऊन मी तिथं गेले तेव्हा बाबा बरोबर होते. सत्तर साल उजाडायच्या थोडं आधीची गोष्ट. आमच्या वस्तीतून नागपुरात शिकायला निघालेली मी पहिलीच मुलगी, त्यामुळे बाबांनी अंगात नवा सदरा घातला होता आणि माझ्यापेक्षा तेच जास्त घाबरले होते. त्यांनी दारातच हात जोडून "जय भीम" म्हटलं. बाईंनी दुप्पट मोठ्या आवाजात "जय भीम" म्हटलं आणि लगेच विचारलं, "पोरगी झोपेत बोलते का?"

बाबा गोंधळले. "बोलते जी, कधीकधी."

"मंग वरुडच्या खोलीत टाकतो हिले. थेही बोलते. दोघी एकमेकीले उत्तरं देत जातील."

वरुड म्हणजे विमल. माझी तिची मैत्री अशी झोपेत बोलण्यावरून जमली.

बाई उंच होत्या, काटक होत्या. सुती पातळ, पायात पुरुषी चपला आणि उन्हाळा असो की हिवाळा, हातात काळी छत्री. छत्री त्या उघडत नसत, तिनं रस्ता दाखवत. त्यांचं शिक्षण सातवीपर्यंतचं होतं असं कुणी म्हणे, कुणी चौथी म्हणे. लग्न झालं होतं की नाही, यावर तर आमच्यात दोन पार्ट्या होत्या. त्यांना विचारायची छाती कोणाचीच नव्हती.

रडण्याबद्दल त्यांचे नियम फार कडक होते. खोलीत रडायचं नाही, जेवताना तर नाहीच नाही. मागच्या अंगणात पाण्याची मोठी टाकी होती, तिच्यामागे जाऊन रडायचं. "दहा मिनिटं रड, तोंड धू, अन् ये जेवाले." पहिल्या महिन्यात टाकीमागे कधीकधी दोघी-तिघींची गाठ पडायची. मग रडणं बाजूला राहून गप्पाच सुरू व्हायच्या. बाईंना ते ठाऊक होतं, असं मला आता वाटतं.

रविवारी चार ते सहा या वेळात भावांना भेटायला परवानगी होती. होस्टेलातल्या मुलींना भाऊ फार. बाईंनी त्यावर एक परीक्षा काढली होती. आलेल्या भावाला व्हरांड्यात उभं करायचं आणि विचारायचं, "तुह्या आईचं माहेर कोणतं?" मग आत जाऊन मुलीला तोच प्रश्न. उत्तरं जुळली तरच भेट. एकदा सावनेरवालीचा एक भाऊ आला. त्यानं आईचं माहेर सांगितलं, मामाचं नाव सांगितलं, आजोबांच्या शेतात किती विहिरी आहेत तेही सांगितलं. बाईंनी त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "सख्ख्या भावाले इतकं पाठ नसते," त्या म्हणाल्या. "बस. चहा पी. पण व्हरांड्यातच, अन् मी इथीच बसतो." पुढे सावनेरवालीनं त्याच्याशीच लग्न केलं. लग्नात बाई वरपक्षाच्या पंगतीत जाऊन बसल्या आणि नवरदेवाला म्हणाल्या, "त्या विहिरीचं खरं होतं का रे?"

परीक्षा जवळ आली की बाईंचा मुक्काम आमच्या खोल्यांमध्ये. अभ्यास झाला असं कुणी म्हटलं की त्या खाटेवर मांडी घालून बसत. "सांग मले. मले समजलं तं तुले येते, नाही तं नाही येत." इतिहासवाल्या, मराठीवाल्या लवकर सुटायच्या. विमलचं मोठं संकट होतं, कारण बी.ए.ला तिनं गणित घेतलं होतं. साऱ्या वर्गात गणिताला ती एकटीच मुलगी.

एका संध्याकाळी ती बाईंना लिमिट समजावत होती. मी बाजूला बसून हसू दाबत होते. विमलनं मेसमधून ज्वारीची भाकर आणली. तिचे दोन भाग केले, एक ठेवला, दुसऱ्याचे दोन केले, पुन्हा एक ठेवला. "असं करत गेलं बाई, तर ठेवलेले सगळे तुकडे मिळून किती होतील?"

"एक भाकर."

"पूर्ण?"

बाई बराच वेळ त्या तुकड्यांकडे पाहत राहिल्या. "पूर्ण होत नाही," त्या हळूच म्हणाल्या. "पूर्ण होत जाते. पण होत नाही. एवढुसा चुरा हातात राहतेच." आणि एकदम त्यांचा चेहरा असा उजळला, की मी हसणं विसरले. त्यांनी छत्री उचलली, व्हरांड्यात गेल्या आणि मोठ्यानं ओरडल्या, "पोरीहो! मले लिमिट समजलं!"

त्याच वर्षी विमल विद्यापीठात गणिताला पहिली आली. सेकंड इयरला.

आणि पुढच्या वर्षी फायनलची परीक्षा दोन महिन्यांवर असताना तिचे वडील तिला न्यायला आले. कळमेश्वरचं स्थळ होतं. मुलगा कारखान्यात कामाला, घरी म्हैस, माणसं साधी. मुहूर्त जवळचा. बाईंनी त्यांना ऑफिसात बसवून दोन तास समजावलं. "दोन महिने थांबा जी. नवरदेव पळून नाही जात. परीक्षा पळून जाते." वडील भले गृहस्थ होते, पण घाबरट होते. स्थळ हातचं जाईल म्हणून त्यांना झोप येत नव्हती. विमलनं पुस्तकं मला दिली आणि टाकीमागे गेली. त्या दिवशी बाईंनी तिला दहा मिनिटांनी हाक मारली नाही.

परीक्षा संपेपर्यंत त्यांनी तिची खाट कोणाला दिली नाही.

त्यानंतर वर्षभरानं असेल, विद्यापीठात माजी विद्यार्थ्यांचा मोठा मेळावा झाला. मी तोवर नागपुरातच नंदनवन भागातल्या एका शाळेत शिक्षिका झाले होते. मंडप, भाषणं, जुन्या प्राध्यापकांचे सत्कार, सगळं थाटात. आम्ही मुली त्यात चौघीजणी होतो. बाई मंडपाच्या टोकाशी छत्री टेकून उभ्या होत्या आणि पुरुषांच्या त्या समुद्राकडे पाहत होत्या.

"माह्या पोरी कुठी आहेत?" त्यांनी मला विचारलं.

मी म्हटलं, "बाई, पत्रं माहेरच्या पत्त्यावर गेली. माहेरच्या नावानं."

"पोरींची नावं बदलते, गावं बदलते. मंग पत्र कोणाच्या घरी जाईन?" त्या तशाच तिथून निघाल्या. पुढचे सहा महिने त्यांनी पत्ते गोळा केले. जुन्या मुलींच्या आयांना विचारून, भावांना विचारून, त्या व्हरांड्यातल्या भावांनासुद्धा विचारून. एक जाड वही झाली. वहीत डावीकडे गाव, उजवीकडे सासर. मग बाईंनी स्वतः कार्डं लिहिली. मुलींना नाही. मुलींच्या सासवांना.

मजकूर मला अजून पाठ आहे. "सौ. सासूबाईंस सप्रेम नमस्कार. आपल्या सूनबाई आमच्या घरी राहून शिकलेल्या आहेत. जानेवारीच्या दुसऱ्या शनिवारी-रविवारी त्यांस माहेरपणास पाठवावे. जेवणात रोडगे व वांग्याची भाजी आहे. लेकरं असल्यास आणावी. जावईबापूंची सोय नाही."

मेळाव्याचं निमंत्रण असतं तर सासवांनी ते चुलीत घातलं असतं. पण माहेरपणाला नाही कसं म्हणायचं? शिवाय त्यातल्या कित्येकींच्या नावानं आयुष्यात आलेलं ते पहिलंच पत्र होतं. पोस्टमनकडून वाचून घेतलेलं कार्ड त्यांनी शेजारणींना दाखवलं आणि सुनेला एसटीत बसवून दिलं.

ते पहिलं माहेरपण आठवलं की आजही अंगात उत्साह भरतो. सायकल रिक्षा येतच होत्या. कडेवर लेकरं, हातात पिशव्या, आणि फाटकातून आत आल्याबरोबर किंचाळ्या. मोठी काटोल जाडजूड झाली होती, ती धावत आपल्या जुन्या खोलीत गेली आणि तिथल्या बिचाऱ्या नव्या मुलीला म्हणाली, "ऊठ, ही माझी खाट आहे!" कोणी भिंतीवर कोरलेलं आपलं नाव शोधत होती. एकीनं लेकराला बाईंच्या मांडीवर टाकलं आणि दोन दिवस त्याच्याकडे फिरकलीच नाही. थंडीत शेकोटीभोवती बसून आम्ही उकडलेल्या तुरीच्या शेंगा सोलल्या, कोथिंबीर भरलेल्या सांबारवडीची ताटं रिकामी केली आणि नवऱ्यांच्या नकला केल्या. बाई रविवारी संध्याकाळी एकेकीला दमात घेऊन परत धाडत. "गावाले पोचल्यावर कार्ड टाक. सासूच्या तब्येतीचंही लिही, फक्त तुहंच नोको लिहू."

पुढच्या वर्षी आल्या त्या दुप्पट. विमल मात्र नाही. तिच्या सासूबाईंना तीन वर्षं तीन कार्डं गेली, उत्तर आलं नाही. तिसऱ्या वर्षी, माहेरपणाच्या मेळाव्याला आठ दिवस उरले असताना, विमलचंच कार्ड आलं. दोन ओळी. "आत्याबाई पाठवत नाहीत. पण तुम्ही पत्र पाठवत जा." आत्याबाई म्हणजे तिच्या सासूबाई.

बाईंनी ते कार्ड मला वाचायला दिलं आणि म्हणाल्या, "कुही, शनिवारी सकाळी पहिल्या गाडीनं निघू."

"अहो बाई, शनिवारी दुपारपासून तर पोरी यायला लागतील!"

"दुपारपर्यंत येतो ना आपण. पोरीले माहेरी आणाले मुराळी लागते. नुसत्या कार्डावर कोण पाठवते? चूक माहीच आहे."

मुराळी रिकाम्या हातानं जात नाही, म्हणून त्यांनी शुक्रवारी बसून करंज्या तळल्या. शनिवारी कळमेश्वरच्या स्टँडवर उतरलो तेव्हा धुकं विरायचं होतं. पत्ता विचारत घर सापडलं. टिनाच्या छपराच्या दोन खोल्या, पुढे अंगण, अंगणात म्हैस. एक ठेंगणी, कष्टानं वाळलेली बाई सूप घेऊन तूर पाखडत होती.

"कोन जी तुम्ही?" तिनं विचारलं.

"मी मुराळी. वरुडले न्याले आली," बाई म्हणाल्या.

"वरुडहून आले का?"

"नाही जी. वरुड म्हणजे तुमची सून."

सासूबाईंनी सूप खाली ठेवलं. त्यांना काहीच उमगेना. तेवढ्यात गोठ्याच्या आडोशातून विमल आली. हात शेणानं भरलेले, पदर खोचलेला, मागे दोन वर्षांची मुलगी लुगडं धरून. आम्हाला पाहिलं आणि ती होती तिथंच थांबली. "बाई," एवढंच म्हणाली. हात अंगापासून लांब धरून ती तशीच उभी राहिली.

मग सगळा उलगडा झाला. सासूबाईंनी आम्हाला बसायला चटई टाकली, पाणी दिलं. आत आरशाच्या चौकटीत बाईंची तिन्ही कार्डं खोचलेली मला दिसली. म्हणजे फेकली नव्हती.

"बाईमानूस मुराळी असते का कुठी?" सासूबाई म्हणाल्या.

"आता बसली आहे ना तुमच्या समोर, विहीणबाई."

"हे पाहा जी, माहेर तिचं वरुडले हाय. दिवाळीले धाडली होती मी दोन रोज. हे होस्टेल कायचं माहेर?"

बाईंनी पाण्याचं भांडं खाली ठेवलं. "तिथी ते चार घास जेवली. तापली तं मी उशाशी बसली. रागावली मी तिले, अन् तिच्या लग्नात गर्दीत मागं उभी राहून अक्षता टाकल्या. माय आणखी काय करते, तुम्हीच सांगा."

सासूबाईंनी मान डोलावली. त्या खोटं बोलणाऱ्या नव्हत्या. "ते सारं बरोबर हाय. पन धाडू कशी? माहे गुडघे गेले. म्हैस हिच्याबिगर कोनाले हात लावू देत नाई. पोरगा दुपारच्या पाळीले जाते, त्याचा डबा पायजे. दोन दिवस कोन करन हे?"

बाईंनी छत्री भिंतीला टेकवून ठेवली. चपला काढून कडेला सारल्या. "मी करतो," त्या म्हणाल्या.

मला वाटलं गंमत करताहेत. पण त्या पदर खोचायला लागल्या होत्या. मी त्यांच्या कानाशी गेले. "बाई, मेळावा! साऱ्या तुम्हालाच भेटायला येताहेत. तुम्हीच नाही म्हटल्यावर..."

"मेळावा माहा आहे का? पोरींचा आहे. किल्ल्या माह्या उशाखाली आहेत. रोडग्यांची कणीक घट्ट मळजा." मग विमलकडे वळून, "वरुड, तुही एक साडी दे मले. नेसलेली दे, धुतलेली नोको. म्हशीले वास लागला पायजे."

विमलच्या तोंडून एक आवाज निघाला, तो हसण्याचा होता की रडण्याचा, तिलाही सांगता आलं नसतं. तिचा नवरा इतका वेळ दाराशी उभा होता. तो आत गेला आणि साडी घेऊन आला. "जाऊ दे ना, माय," तो म्हणाला. सासूबाई बाईंकडे पाहतच राहिल्या. नाही म्हणायला त्यांच्याजवळ आता एकही कारण उरलं नव्हतं.

गाडीत विमल खिडकीशी बसली, मांडीवर मुलगी. फेटरी येईपर्यंत ती बाहेरची शेतंच पाहत होती. नंतर तिला जे बोलणं फुटलं, ते थांबेना. काटोल आता कुठं असते? उमरेडला मुलगा झाला का? मेसमधली ती फुटकी घंटा अजून आहे का? काटोल नाक्याशी नागपूर दिसायला लागलं तेव्हा तिनं लेकीला उभं केलं आणि म्हणाली, "पाहा, माझं कॉलेज इकडेच आहे." कॉलेज तिथून दिसत नव्हतं. लेकीनं तरी पाहिलं.

फाटकात आम्हाला पाहून जो गलका झाला तो काय सांगू! तिला अक्षरशः उचलून आत नेलं. पण थोड्याच वेळात सगळ्यांचा एकच प्रश्न, बाई कुठं? मी सांगितलं. मग मोठी काटोल कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बाई तिथं म्हैस पिळून राहिल्या अन् आपण इथं तोंड पाहत उभ्या? चला, कणीक कोण मळते?" त्या दिवशी आम्ही एकमेकींना गावाच्या नावानंच हाका मारल्या. बाईंच्या आवाजात, बाईंच्या सुरात. स्वयंपाक जळाला थोडा, पण इतकं हसत मी आयुष्यात कधी जेवले नाही.

मी विमलला बाजूला घेऊन परीक्षेचं विचारलं. फॉर्म भरायला अजून मुदत होती, बाहेरून बसता आलं असतं. तिनं मान हलवली. "दोन दिवस मिळाले कुही. जास्त मागू नको."

रविवारी जेवणाआधी अंगणात लंगडीचा डाव रंगला. लेकुरवाळ्या बाया सगळ्या, पण पदर खोचून अशा पळत होत्या की नव्या मुली तोंडात बोट घालून पाहत होत्या. विमलवर राज्य होतं. एका पायावर ती सूं सूं करत सगळ्यांच्या मागे. आणि तेवढ्यात फाटकाशी एक रिक्षा थांबली. तीतून आधी बाई उतरल्या, विमलच्या साडीत. मग त्यांच्या हाताचा आधार घेऊन विमलच्या सासूबाई.

विमल भर मैदानात एका पायावर थांबली. पदर कमरेला, केस सुटलेले. तोंडावरचा रंगच गेला तिच्या. सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं, भोवतालच्या बायांकडे पाहिलं.

"काहून थांबली वं?" सासूबाई ओरडल्या. "पाय टेकवू नोको, आउट होशीन!"

जो हशा उठला तो रस्त्यापर्यंत गेला असेल. विमल लंगडी घालत सुटली आणि पहिल्याच झेपेत तिनं मोठ्या काटोलला बाद केलं.

बाई आम्हाला सांगत होत्या, म्हशीनं पहिल्या सांजेला बादली लाथाडली, दुसऱ्या वेळी साडी ओळखली. भाकरी करपल्या. जावयानं करपलेली भाकर डब्यात नेली आणि तक्रार केली नाही, पोरगा चांगला आहे. दोघी म्हाताऱ्या रविवारी सकाळी म्हैस शेजारणीच्या हवाली करून निघाल्या होत्या. "मी म्हटलं, विहीणबाई, तुम्हीही चला. तुम्हाले कोण आणाले येते?"

मी सासूबाईंना वाढत होते. त्यांनी मला जवळ बसवून घेतलं. "तुमच्या बाईले बारा वर्साची असताना लगन करून देल्ली होती, मालूम हाय का तुले?" त्या हळू आवाजात म्हणाल्या. "माय नव्हती तिले. सासरी गेली ते गेली, कोनी आनाले आलंच नाई. शेवटी आपल्या पायानं चालत निघून आली. कुठी जावं तं समजे ना." जे आम्हाला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं, ते बाईंनी कळमेश्वरच्या अंगणात तूर निवडता निवडता त्यांना सांगून टाकलं होतं.

मी बाईंकडे पाहिलं. त्या विमलच्या लेकीला रोडग्याचा घास भरवत होत्या आणि तिच्याशी भांडत होत्या. "कळमेश्वर, तोंड उघड. मोठं उघड."

"अन् एक सांग," सासूबाई म्हणाल्या. "हिची परीक्षा रायली म्हनते बाई. लग्नात मले कोनी सांगतलंच नाई. शिकेल हाय म्हने. मी म्हटलं, झालं असन सारं. पैली आली होती का ते?"

"पहिली," मी म्हटलं. "सगळ्या विद्यापीठात."

त्यांनी घास खाली ठेवला. "किती दिवसाची असते परीक्षा?"

मी विमलकडे पाहिलं. ती वाढता वाढता थांबली होती. "बारा-तेरा दिवस, आत्याबाई," ती म्हणाली.

"मंग बारा-तेरा दिवस माहेरी राहाले काय हरकत हाय?" सासूबाईंनी रोडगा मोडला. "लेकराले मी पाहीन. म्हशीले तं आता ह्या बाईची सवय झालीच."

पंगतीत सगळ्या एकदम बोलायला लागल्या. माझ्याजवळ नोट्स आहेत, माझ्या दिराची पुस्तकं आहेत, मी दर रविवारी येऊन बसते! बाई उठून आतल्या खोलीत गेल्या आणि परीक्षेचा कोरा फॉर्म घेऊन आल्या. तो त्यांनी कधी आणून ठेवला होता, त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

विमलनं उन्हाळ्याच्या तोंडावर बाईंच्या खोलीत राहून परीक्षा दिली. चार वर्षांचा गंज होता, ती रोज पेपरहून येऊन म्हणायची, गेला हा. बाई म्हणायच्या, "जेव आधी."

निकाल लागणार त्या दिवशी मला घरी राहवेना. पहाटेच नंदनवनातून निघाले आणि होस्टेलवर गेले. बाई व्हरांड्यात बसल्या होत्या, वर्तमानपत्रवाला यायचा होता. तेवढ्यात फाटकातून विमलच्या सासूबाई येताना दिसल्या. एकट्या. पहिल्या गाडीनं आल्या होत्या. हातात पेपरची घडी आणि विमलच्या हातचा नंबराचा कागद.

"ते येत नाई म्हनते. हातपाय गार पडले तिचे. मंग मीच आली. स्टँडवर पेपर घेतला."

"मग तिथंच कोणाकडून वाचून घ्यायचा!" मी म्हटलं.

"परक्या मानसाकडून काहून वाचून घेऊ? घरच्या मानसानं सांगावं."

बाईंनी चष्मा लावला, पण बारीक आकड्यांच्या रांगा एकमेकींत मिसळत होत्या. त्यांनी पेपर माझ्याकडे दिला. मी नंबरांच्या त्या मुंग्यांमधून खाली खाली जात होते. सापडला. मी पुन्हा पाहिला. फर्स्ट क्लासात होता.

"आहे!" मी ओरडले. "फर्स्ट क्लास!"

बाईंनी सासूबाईंचा उजवा हात हातात घेतला, त्यांचं बोट सरळ केलं आणि मी दाखवल्या जागी नेऊन टेकवलं. "हा," त्या म्हणाल्या. "हा आपल्या पोरीचा."

सासूबाई वाकून त्या आकड्यांकडे पाहत राहिल्या. त्यांना सगळे सारखेच दिसत असणार. "आता बोट नाई उचलत," त्या म्हणाल्या. "उचललं तं पुन्हा सापडन नाई मले. तिले दाखवीन तवाच उचलीन."

मी म्हटलं, "अहो, पेनानं खूण करून देते." त्यांनी ऐकलं नाही. पेपर तसाच मांडीवर, बोट तसंच. बाई म्हणाल्या, "राहू दे. मीही येतो." होस्टेलच्या किल्ल्या माझ्या हातात देऊन त्या निघाल्या. स्टँडवर मी दोघींना गाडीत चढवून दिलं. चढताना एका बाजूनं मी धरलं, एका बाजूनं बाईंनी, कारण सासूबाईंचा एक हात पेपरखाली आणि दुसरा पेपरवर.

गाडी सुरू व्हायच्या बेतात होती. कंडक्टर आला आणि म्हणाला, "मावशी, तिकीट."

"ह्या बाईले माग," सासूबाई मान वर न करता म्हणाल्या. "माहा हात रिकामा नाई. माह्या सुनेचा नंबर हाय ह्याच्याखाली."